पाठपुरावा करणारा एक माणूस

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत सारसोळे येथे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



व्यासपीठावरून बोलण्याची मला सवय नाही. चाळीस वर्षे मी गिऱ्हाइकापुढे कापडाचे ताके उलगडले; त्या वेळी जे बोलावे लागते तेवढेच माझे वक्तृत्व. महोत्सव समितीने ‘सेवा’ या विषयावर चार शब्द बोलावेत असा आग्रह केला, तेव्हा ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा मी घेईन अशी आपली अपेक्षा असणार. परंतु तो आढावा या स्मरणिकेत माझ्यापेक्षा अधिकारी व्यक्तींनी घेतलेला आहे. मी आज ज्या सेवेविषयी बोलणार आहे ती आपल्या समाजात कोणी करीत नाही, आणि मी स्वतः तर ती करण्याची वेळ आली तेव्हा चुकलो आहे. त्या चुकीपासूनच आरंभ करतो.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे की माझ्या दुकानातील साड्या आणि ड्रेस मटेरियलवरील जरीकाम व आरीकाम बाहेरच्या कारागिरांकडून करून घेतले जाते. त्यांतील एक कारागीर पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्याचा. बारा वर्षे त्याने माझे काम केले. हात इतका सफाईदार की उलट्या बाजूनेही टाका शोधावा लागे. २०२५ च्या जून महिन्यात एका सकाळी त्याची पत्नी दुकानात आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात कागद. रात्री कागदपत्रांच्या पडताळणीसाठी काही बंगाली बोलणाऱ्या कामगारांना नेले होते, त्यांत तो होता. ती रडत नव्हती. ‘शेठजी, तुम्ही एकदा येऊन सांगा ना, हा तुमच्याकडे काम करतो म्हणून,’ एवढेच ती म्हणत होती.

मी गेलो नाही. खरे सांगायचे तर घाबरलो. आपले नाव कशाला त्यात, उद्या दुकानाचीच चौकशी लागली तर काय, असा व्यापारी हिशेब मी मनाशी केला. ‘एखादा वकील बघ,’ असे सांगून तिच्या हातात दोन हजार रुपये ठेवले आणि जीएसटीच्या कागदात डोके घातले. दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी जेवताना विचारले, ‘तुम्ही त्याला ओळखता की नाही, एवढेच तर सांगायचे आहे ना?’ चौथ्या दिवशी मी गेलो.

तेथे गेल्यावर मला जे समजले ते असे. त्याच्याकडे आधार कार्ड होते, रेशन कार्ड होते. परंतु शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका पद्धतीने लिहिलेले आणि रेशन कार्डावर दुसऱ्या पद्धतीने. अधिकाऱ्याला तेवढी शंका पुरेशी होती आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही कदाचित आली असती. गावाकडे त्याच्या वडिलांच्या जमिनीचे कागद होते, जुन्या मतदार यादीत आजोबांचे नाव होते. पण ते कागद तेथून मागवायला हवेत, कोणत्या कागदाला अर्थ आहे आणि कोणत्या नाही हे सांगायला हवे, त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांकडून खातरजमा लवकर यावी म्हणून फोनवर फोन करायला हवेत, हे करणारा कोणी नव्हता. बायकोला मराठी येत नव्हते, हिंदी जेमतेम. तिने वकिलाला दिलेले पैसे कशासाठी दिले हेही तिला सांगता येत नव्हते. आमच्याच इमारतीतील एका निवृत्त शिक्षिका बाईंनी तिच्या पिशवीतील कागद लावून दिले, गावच्या पंचायतीला फोन केला, भ्रमणध्वनीवर कागदांची छायाचित्रे मागवली. पाचव्या दिवशी त्याच्या जिल्ह्यातून होकार आला आणि तो सुटला.

सुटल्यावर तो दुकानात आला. मला म्हणाला, ‘सेठ, तुम्ही मला बारा वर्षे ओळखता.’ त्या वाक्यात राग नव्हता. आठवड्याच्या आत तो कुटुंबासह गावी निघून गेला.

बंधू-भगिनींनो, तो नशीबवान ठरला असे म्हणावे लागते. त्याच जून महिन्यात मुंबई परिसरातून ताब्यात घेतलेल्या काही बंगाली भाषिक कामगारांना थेट सीमेपलीकडे पाठवण्यात आले होते. ते भारतीय नागरिक असल्याचे पश्चिम बंगाल राज्याने कळवल्यावर त्यांना परत आणावे लागले, हे वृत्तपत्रांत आपण सर्वांनी वाचले आहे. दिल्लीहून अशाच प्रकारे पाठवलेली बीरभूम जिल्ह्यातील एक गरोदर स्त्री तर न्यायालयात दाद मागितल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये परत येऊ शकली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे माझ्या बोलण्याचा विपर्यास होणार नाही. आपल्या देशात कोणी राहावे आणि कोणी राहू नये हे ठरवण्याचा अधिकार शासनाला आहे. खोटे कागद करून राहणारे परकीय नागरिक आहेत आणि त्यांना कायद्याने परत पाठवलेच पाहिजे. व्यापारात खोट्या बिलांनी फसवणारा जसा आपल्याला नको, तसाच तोही नको. प्रश्न निराळा आहे. परत पाठवण्याची कारवाई सुरू झाल्यापासून निर्णय होईपर्यंतच्या काळात त्या माणसाचे, त्याच्या मुलाबाळांचे आणि त्याच्या कागदांचे काय व्हावे, हा तो प्रश्न.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ हा नवा कायदा लागू झाला आणि १९४६ च्या जुन्या परदेशी नागरिक कायद्यासह चार कायदे रद्द झाले. जुन्या कायद्यातील एक तत्त्व मात्र कायम राहिले. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच आहे. आता हे सिद्ध कशाने करायचे? ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातील एका प्रकरणात जामीन अर्जावर निर्णय देताना मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की आधार कार्ड, पॅन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र असणे एवढ्यानेच कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला मनुष्य जन्माने नागरिक. त्या तारखेपासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आई-वडिलांपैकी एक तरी त्याच्या जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असला पाहिजे. त्यानंतर जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, अथवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे तरुण कामगाराला स्वतःचाच नव्हे, तर आई-वडिलांचाही कागद दाखवावा लागतो. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी किती जणांना आपल्या वडिलांच्या जन्माचा दाखला आठ दिवसांत सादर करता येईल? माझ्या वडिलांचा जन्म इचलकरंजीजवळच्या खेड्यात झाला. त्यांच्या जन्माची नोंद फक्त घरच्या एका वहीत आहे आणि तीही वाळवीने अर्धी खाल्लेली.

दुसरी बाजूही कायद्यात आहे. आपल्या राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. बाविसाव्या अनुच्छेदाप्रमाणे अटक का केली हे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या बाराव्या कलमानुसार जो कोणी अभिरक्षेत आहे त्याला, उत्पन्नाची अट न लावता, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. स्त्रिया आणि बालकांनाही हाच हक्क आहे. हे सर्व मला तेव्हा माहीत नव्हते. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक त्या बाईंना सांगण्याऐवजी मी दोन हजार रुपये दिले आणि दानाचे समाधान मानले.

पण वकील मिळाला म्हणजे सर्व झाले असेही नाही. वकील न्यायालयात बोलतो. न्यायालयाच्या बाहेर कागद गोळा करणे, तारीख लक्षात ठेवणे, दुभाषा शोधणे, घरी निरोप देणे, मुलांची शाळा चालू आहे की नाही पाहणे, आजाऱ्याला औषध पोहोचवणे, ही कामे कोणाची? इंग्रजीत यास ‘केस मॅनेजमेंट’ असे नाव आहे. आपल्या भाषेत मी त्याला साध्या शब्दांत ‘पाठपुरावा’ म्हणतो. माझे आजचे म्हणणे इतकेच की असा पाठपुरावा करणारा एक माणूस शासनाच्या खर्चाने प्रत्येक प्रकरणामागे उभा राहिला, तर निरपराध माणूस वाचतो, दोषी माणूस निमूटपणे परत जातो आणि शासनाचा पैसाही वाचतो.

हे मी हवेत बोलत नाही. हिशेब मांडून दाखवतो. अमेरिकेत देशाबाहेर काढण्याच्या खटल्यात वकील करण्याचा हक्क आहे. परंतु सरकारने तो आपल्या खर्चाने दिलाच पाहिजे असे बंधन तेथे नाही. त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याने जानेवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस, मायामी आणि वॉशिंग्टन या पाच महानगरांच्या परिसरात एक योजना सुरू केली. गरोदर स्त्रिया, तान्ह्या बाळांच्या माता, लहान मुलांची कुटुंबे यांना कोंडून न ठेवता घरी राहू द्यायचे आणि प्रत्येक कुटुंबामागे एक कार्यकर्ता नेमायचा. तो तारखांची आठवण करून देई, कायदा समजावून सांगे, डॉक्टर व शाळा दाखवी आणि निकाल विरुद्ध गेला तर परत जाण्याची तयारीही करून घेई. परिणाम काय झाला? खात्याकडे हजेरी लावण्याच्या बाबतीत नव्याण्णव टक्के पालन झाले आणि न्यायालयातील हजेरी शंभर टक्के राहिली. खर्च दर कुटुंबामागे दररोज सुमारे ३६ डॉलर. कुटुंबांना ठेवण्याच्या कोठडीचा खर्च त्याच सुमारास दर माणशी दररोज तीनशे डॉलरच्या वर होता. एवढे असूनही जून २०१७ मध्ये त्या सरकारने ती योजना बंद केली. फायद्यातील दुकान कोणी का बंद करावे हे माझ्या बी.कॉम.च्या शिक्षणाला कळत नाही, पण राजकारणाचे ताळेबंद निराळे असतात. न्यूयॉर्क शहराने मात्र २०१३ पासून कोठडीतील स्थलांतरितांना शहराच्या निधीतून वकील देण्याची व्यवस्था सुरू केली होती.

या आकड्यांचे मला आश्चर्य वाटले नाही. माझ्या वडिलांच्या दुकानात एक दिवाणजी होते. उधारी थकली की वडील फिर्याद लावीत नसत. दिवाणजी दर आठवड्याला त्या माणसाच्या घरी जात, चहा घेत, मुलीच्या लग्नाची चौकशी करीत, पुढचा हप्ता केव्हा ते ठरवीत आणि वहीत टिपून आणीत. ‘ज्याची विचारपूस होते तो गाव सोडत नाही,’ असे ते म्हणत. बहुतेक उधारी अशीच वसूल झाली. ज्यांच्यावर फिर्याद लावली ते रातोरात निघून गेल्याचेही मी पाहिले आहे. माणूस पळतो तो बहुधा पुढे काय होणार हे न कळल्यामुळे.

आपल्या देशाचा अनुभवही तपासून पाहू. आसाममध्ये गोलपाडा जिल्ह्यात मतिया येथे परकीय ठरवलेल्यांसाठी तीन हजार माणसांची छावणी बांधण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असे निघाले की परकीय ठरवलेल्या ६३ जणांना परत पाठवण्याची प्रक्रियाच पुढे सरकलेली नाही, कारण त्यांचा परदेशातील पत्ता माहीत नाही असे राज्याचे म्हणणे. तेव्हा मुहूर्ताची वाट पाहत आहात काय, अशा आशयाचा प्रश्न न्यायालयाने विचारला. म्हणजे पाठपुरावा नसला की निरपराध माणूस नाहक अडकतो आणि परकीय ठरलेला माणूसही वर्षानुवर्षे शासनाच्या खर्चाने तेथेच राहतो. दोन्हीकडून तोटा. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात न्यायालयाने दोन वर्षे अटकेत राहिलेल्यांना पाच हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले होते. म्हणजे कोठडीबाहेर ठेवून ठरावीक दिवशी हजेरी लावण्याची पद्धत आपल्याकडेही परकी नाही. उणीव आहे ती त्या हजेरीमागे माणूस उभा करण्याची.

हा विषय आसामचा आहे, आपला नाही, असे कोणी म्हणू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच नेरूळमध्ये असे स्थानबद्धता केंद्र उभारण्यासाठी राज्याच्या गृह विभागाने सिडकोकडे जागा मागितल्याच्या बातम्या आल्या होत्या. पाम बीच रस्त्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत तेव्हा त्यावर चर्चा झाली. प्रामाणिकपणे सांगतो, चर्चा झाली ती फ्लॅटचे भाव उतरतील काय याची. त्या इमारतीत कोण राहणार, त्यांची मुले कोठे शिकणार, हा शब्द माझ्यासह एकाच्याही तोंडून निघाला नाही. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर राज्यात अशी केंद्रे होऊ देणार नाही असे तत्कालीन मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांनी सांगितले आणि आम्ही विषय विसरलो. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने संशयितांची पडताळणी तीस दिवसांत करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या आणि विषय पुन्हा आमच्या दारात आला. तोही माझ्या दुकानाच्या पायरीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीसह.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये अशा केंद्रांसाठी आदर्श नियमावली राज्यांना पाठवली होती. एका कुटुंबातील माणसांची ताटातूट करू नये, लहान मुलांसाठी पाळणाघर असावे, अशा चांगल्या गोष्टी तीत आहेत. कागदावर त्या आहेत याचा आनंद मानावा. परंतु कागदावरील नियम जिवंत करण्यासाठी माणूस लागतो, आणि तो केंद्राच्या दारापर्यंत जाण्याआधीच भेटला तर अधिक बरे.

असा माणूस महाराष्ट्राने पूर्वी निर्माण केलेला आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलीस यंत्रणेच्या आतच स्त्रिया व बालकांसाठी ‘विशेष कक्ष’ सुरू केला. मार खाऊन आलेली स्त्री पोलीस ठाण्यात पाऊल टाकते तेव्हा तिच्याशी बोलायला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तेथेच बसलेली असावी, ही त्यामागील कल्पना. पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने तो उपक्रम स्वीकारून राज्यभर नेला. त्याच संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगातील गरीब कैद्यांचे जामीन, कागद आणि कुटुंब यांचा पाठपुरावा करीत आले आहेत. जे स्त्रियांसाठी आणि कैद्यांसाठी शक्य झाले, ते नागरिकत्वाच्या पडताळणीत सापडलेल्या कुटुंबासाठी अशक्य का असावे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अधीन, शासनाच्या निधीतून, बंगाली जाणणारा एक कार्यकर्ता ठाणे जिल्ह्यात नेमणे हा फार मोठा खर्च नव्हे.

आता आपल्या समाजाशी या विषयाचा संबंध काय, असे काहींच्या मनात येईल. संबंध जुना आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यांत गुजराती व्यापारी कुटुंबे बहुसंख्य होती आणि आपले जैन बांधवही होते. पेढी, घर, शेती सोडून एकेका बॅगेनिशी माणसे निघाली. सुमारे अठ्ठावीस हजार लोक ब्रिटनमध्ये उतरले. तेथील सरकारने ‘युगांडा पुनर्वसन मंडळ’ स्थापन केले, सोळा छावण्या उघडल्या आणि प्रत्येक कुटुंबाला काय येते, कोठे नातलग आहेत, कोठे घर आणि काम मिळेल याची चौकशी करून त्यांना मार्गी लावण्याचा प्रयत्न केला. त्या मंडळाच्या कामात उणिवा होत्या. लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘आमच्याकडे येऊ नका’ अशी जाहिरात युगांडाच्या वृत्तपत्रात दिली होती. तरीही लोक लेस्टरला गेले, दुकाने थाटली, आणि १९८८ मध्ये त्याच शहरात जैन मंदिर उभे राहिले. आज आपण त्या मंदिराचे फोटो अभिमानाने पाहतो. टेबलापलीकडे बसून ‘तुम्हाला कोणते काम येते?’ असे विचारणारा कोणीतरी त्या कुटुंबांना भेटला होता, हे आपण विसरू नये.

आणि आजची गोष्ट घ्या. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत गुजरातचे तेहतीस होते, महाराष्ट्राचेही होते. हातात बेड्या, पायात साखळ्या. ते दृश्य पाहून आपल्या सर्वांना वाईट वाटले. आपल्या मुलांशी असे वागू नये, त्यांचे म्हणणे कोणीतरी नीट ऐकून घ्यावे, असे आपण म्हणालो. बरोबरच म्हणालो. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांसाठी आपल्या सरकारने २००९ मध्ये ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड’ स्थापन केला आहे. दूतावासामार्फत त्यातून गरजूंना कायदेशीर साहाय्य, तात्पुरता निवारा आणि परतीचे तिकीटही मिळू शकते. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी ही माहिती घरात लिहून ठेवावी. पण परदेशात आपल्या मुलासाठी जे माप आपण मागतो, तेच माप आपल्या दारातल्या परक्या मुलाला लावले पाहिजे. दोन गज ठेवून धंदा करणाऱ्या कापडवाल्याला काय म्हणतात ते मला सांगण्याची गरज नाही.

आपण सारसोळ्यात राहतो. या भूमीचे मूळ रहिवासी आगरी-कोळी बांधव. आपण सर्व बाहेरून आलो. कोणी कच्छहून, कोणी मारवाडातून, कोणी माझ्यासारखा कोल्हापूरकडून. सिडकोने जमिनी घेतल्यानंतर साडेबारा टक्के भूखंडासाठी या गावांतील म्हाताऱ्या माणसांना फायली काखेत मारून कार्यालयांच्या खेपा घालताना मी पाहिले आहे. ज्याच्या घरात शिकलेला मुलगा होता त्याचे काम झाले. ज्याच्या घरात नव्हता तो खेपाच घालत राहिला. पाठपुरावा करणाऱ्या माणसाची किंमत या गावाला कोणी शिकवायला नको.

म्हणून सुवर्ण महोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, आपल्यातील निवृत्त सभासदांनी, विशेषतः बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी केलेल्या भगिनी-बंधूंनी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवून प्रशिक्षण घ्यावे. ही योजना २००९ पासून आहे. त्यासाठी वकील असण्याची गरज नाही. दुसरी, ट्रस्टच्या वाचनालयात आठवड्यातून एक दिवस दोन तास एक टेबल मांडावे. जन्म-मृत्यूची नोंद, नावातील चुकीची दुरुस्ती, शाळेचा दाखला, वारसाचे कागद यांसाठी जो येईल त्याला, धर्म-भाषा न विचारता, अर्ज भरून द्यावा. यात आपल्या घरच्यांचेही काम होईल. तिसरी सूचना माझ्या व्यापारी बांधवांना. आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या आणि नोकराच्या कागदांची प्रत, गावचा पत्ता आणि तेथील एका नातलगाचा फोन आपल्या वहीत असू द्या. आणि त्याच्यावर वेळ आली तर पहिल्या दिवशी जा. ‘मी याला ओळखतो’ एवढे सांगायला कोणतेही परवानापत्र लागत नाही. तो खरोखरच परकीय निघाला तर कायदा त्याचे काम करील. तेव्हाही त्याला त्याच्या दूतावासाशी संपर्क करू द्यावा, लेकरांसह सन्मानाने परत जाऊ द्यावे, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.

आपल्याकडे अभयदानाला मोठे स्थान आहे. पर्युषणात आपण जीव सोडवण्यासाठी पैसे देतो, तेही योग्यच आहे. परंतु ज्याला आपल्याच बाजूला उभे राहून दोन वाक्ये बोलल्याने अभय मिळणार होते, त्याच्याकडे मी तीन दिवस पाठ फिरवली. गेल्या संवत्सरीला मी त्या कारागिराला गावी फोन केला आणि ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणालो. त्याला शब्दाचा अर्थ कळला नाही, तो समजावून सांगावा लागला. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘सेठ, त्या जांभळ्या साडीचा पदर अर्धा राहिला होता. कोणाकडून पुरा करून घेतलात?’

घेतला नाही. साडी दुकानात तशीच घडी करून ठेवली आहे. त्याला या, काम आहे, असे सांगितले आहे. तो येईल की नाही ते माहीत नाही.

विधी स्वयंसेवकांच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे, अशी कार्यवाहांना विनंती आहे. उरलेली नावे आजच, सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी लिहिली जावीत. बोलण्यात काही कमी-अधिक झाले असल्यास आपण उदार मनाने क्षमा करावी. 

जय जिनेंद्र.